जुबीचा उजवा हात

मोरवाडी, पिंपरी
रविवार, १४ जून १९८१

चि. युसुफ यास,

तुझी मुलगी काल संध्याकाळपासून माझ्या घरी आहे, म्हणून हे पत्र. एरवी मी लिहिलं नसतं. कुवेतला जाताना तू निरोप घ्यायला आला नाहीस, त्याचा राग मी अजून सोडलेला नाही. पण तो विषय वेगळा.

तुझी आई ताजुन्निसाबी काल जुबीला कडेवर घेऊन आल्या. हातात कपड्यांची पिशवी आणि तुझं पत्र. पत्र माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "बाई, तुमीच वाचा. तुमच्यावरच सोपवलंय त्यानं." मी उभ्यानेच वाचलं. तू लिहितोस की तुझी बायको कमर मुलीला मारते, आईने आणि बार्शीच्या तुझ्या थोरल्या बहिणीने, हमीदाआपाने, डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि जुबीला कायमचं बार्शीला आपाकडे पाठवायचं का, हे 'आमच्या बाई ठरवतील, तोवर पोरगी त्यांच्याजवळ ठेवा'. मला न विचारता तू मला पंच नेमलंस. सातवीतही तू परस्पर दुसऱ्याचं नाव वर्गाच्या यादीत घालायचास.

मी तुझ्या आईला म्हटलं, "मी लहान मुलं सांभाळत नाही. पाचवीच्या खालचं मूल मी कधी हाताळलेलं नाही."

त्या म्हणाल्या, "तुमाला पोरंबाळं न्हाईत म्हनूनच तर युसुफनं नाव घेतलं. तुमाला दोनी बाजू सारख्या."

मी मुलीला आत घेतलं.

मागोमाग कमर आली. कारखान्यातून परस्पर आली असावी, डोक्याला पॅकिंगच्या खात्यातला पांढरा रुमाल तसाच होता. ती रडली नाही, भांडली नाही. दारातच उभी राहून मला म्हणाली, "तिला झोपताना कान धरायला लागतो, बाई. स्वतःचा नाही, दुसऱ्याचा." आणि गेली. रात्री माझा कान धरून मुलगी झोपली. हे तुला ठाऊक होतं का?

आता तुझे आरोप. पत्रात तू तीन लिहिले आहेस. मुलीच्या पाठीवर खाली निळे-काळे डाग आहेत. कपाळाला सारखं टेंगूळ असतं. आणि उजवा हात आजवर दोनदा लुळा पडला, एकदा बकरी ईदच्या सुमारास खराळवाडीच्या घरी, एकदा एप्रिलमध्ये बार्शीच्या लग्नात. दोन्ही वेळा, बार्शीहून परतल्यावरही, चिखलीच्या हाडवैदाने तेल लावून बसवला आणि सांगितलं, "कुणीतरी पिरगळलाय." या एका शब्दावर तुम्ही सगळे गेले दोन महिने जगत आहात. एप्रिलपासून तू बायकोला पत्र पाठवलेलं नाहीस.

माझ्या अटी ऐक. मी जे पाहीन तेच लिहीन, आणि तू ते आवडो न आवडो मानशील. कमर रोज शिफ्ट सुटल्यावर इथे येईल आणि अंधार पडेपर्यंत मुलीजवळ बसेल. तुझ्या आईलाही येता येईल. या अटी मान्य नसतील तर तार कर आणि दुसरा पंच शोध.

मा. ग. देवस्थळी

*

मोरवाडी
बुधवार, २४ जून

चि. युसुफ यास,

दोन आरोपांचा निकाल लागला. सविस्तर लिहिते, कारण हे तुलाच नव्हे, प्रत्येक बापाला कळायला हवं.

पाठीवरचे डाग. कमरेच्या खाली आणि कुल्ल्यांवर शाईचा बोळा फिरवल्यासारखे निळसर डाग आहेत, हे खरं. आपाने लग्नात आंघोळ घालताना पाहिले आणि घरभर सांगितलं. मी पहिल्या दिवसापासून रोज आंघोळीच्या वेळी ते पाहते आहे. माराचा वळ असेल तर तो रोज रंग बदलतो. आधी लालसर, मग जांभळा, हिरवट, शेवटी पिवळा पडून जातो. दाबलं तर दुखतो. हे डाग आले त्या दिवशी होते तसेच आज आहेत, आणि दाबलं की मुलगी हसते. मी तिला डॉ. भीमराज ओव्हाळांकडे नेलं. तोही माझाच विद्यार्थी, तुझ्या पुढे दोन वर्षं. आता चिंचवडला दवाखाना आहे. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "बाई, जन्मखुणा आहेत. आपल्याकडे पुष्कळ बाळांना असतात. शाळेत जायच्या वयापर्यंत आपोआप पुसट होतात. माझ्या धाकट्यालाही आहेत, माझ्या आईने माझ्या बायकोवर वहीम घेतला नाही एवढंच."

मुलीचा जन्म उदगीरला कमरच्या माहेरी झाला, आणि पिंपरीला आल्यावर आंघोळ कमरच घालते. तुझ्या आईचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून त्यांनी हे कधी पाहिलं नाही. आणि तू मुलीला एकदाही आंघोळ घातलेली नाहीस, हेही यावरून कळलं.

कपाळाचं टेंगूळ. अडीच वर्षांच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि पायांना अजून घाई कळते, थांबणं कळत नाही. परवा सकाळी माझ्या डोळ्यांदेखत ती पुस्तकांच्या कपाटावर जाऊन आदळली. कोंबडीच्या अंड्याएवढं टेंगूळ आलं. ताजुन्निसाबी तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "हळद-चुना आना." मी म्हटलं, "थंड पाण्याचा कपडा पुरे." आणि डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे दिवसभर लक्ष ठेवलं. मूल लगेच रडलं, थोड्या वेळाने खेळायला लागलं, जेवलं, ओळखीचं बोललं, तर काळजी नाही. सारख्या उलट्या झाल्या, अवेळी पेंगायला लागलं आणि उठवता उठेना, झटका आला, कानानाकातून पाणी किंवा रक्त आलं, चालताना झोकांड्या गेल्या, तर क्षणभर न थांबता दवाखाना. जुबीने त्यातलं काही केलं नाही. तिने कपाटालाच उलट एक फटका मारला.

तुझ्या आईला मी विचारलं, "हे टेंगूळ कोणी केलं?"

"कपाटानं."

"मग खराळवाडीतली कपाटं काय वेगळी आहेत?"

त्या पदराआड हसल्या. पण जाताना म्हणाल्या, "हाताचं काय, बाई? हात काय कपाटानं लुळा केला व्हय?"

ते मला सांगता आलं नाही.

कमर रोज येते. एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. ती मुलीला जेवू घालते, केस विंचरते, कान धरू देते, पण हात धरत नाही. उचलायचं झालं तर कमरेला दोन्हीकडून धरून उचलते, चुलीवरचं आधण उतरवावं तशी. रस्ता ओलांडताना मुलगी आपला हात पुढे करते आणि आई तिला उचलून घेते. तुमच्या आरोपाने एवढं केलं आहे.

मा. ग. दे.

*

मोरवाडी
शुक्रवार, १७ जुलै

चि. युसुफ यास,

तुझं उत्तर काल मिळालं. डाग आणि टेंगूळ 'बाई म्हणतात तर मान्य', याबद्दल आभार मानत नाही. खरं आहे ते मान्य करण्यात उपकार नाहीत. पुढे तू लिहितोस, "पण हाताचं काय? अम्मीने पाहिलं, हात चिंधीसारखा लोंबत होता. दोन्ही वेळा कमरने उचललं आणि त्याच क्षणी पोरगी किंचाळली. ईदला आपा येते आहे, तोवर बाईंनी काही सांगितलं नाही तर ती जुबीला घेऊन जाईल."

म्हणजे तू मुदत घातलीस. ठीक आहे.

मला जेवढं कळलं तेवढं सांगते. डॉक्टर म्हणतो, लहान मुलाच्या कोपरात हाडाला धरून ठेवणारी एक पट्टी असते, ती या वयात सैल असते. सरळ हाताला हिसका बसला की हाड त्या पट्टीतून थोडं निसटतं. मूल हात अंगाशी धरून ठेवतं, वापरत नाही. सूज नाही, जखम नाही. जाणत्या माणसाने विशिष्ट तऱ्हेने वळवून दुमडला की क्षणात जागेवर बसतो, आणि कधीकधी कपडे घालताना आपोआपच बसतो. चारपाच वर्षांनंतर हा प्रकार सहसा होत नाही. पडल्यावर हात दुखत असेल किंवा सुजला असेल तर मात्र कोणी हात लावायचा नाही, तिथे हाड मोडलेलं असू शकतं. "यात पिरगळण्याची गरज नाही, बाई," तो म्हणाला. "ओढ पुरते. पण ओढलं कोणी, हे मला दवाखान्यात बसून कसं कळणार?"

मी कमरला समोर बसवून विचारलं. आडपडदा ठेवला नाही.

"मैं नै खींची, बाई," ती म्हणाली. मग मराठीत, "बकरी ईदला पहिली शिफ्ट होती. दुपारी घरी आले, उचलली, तर ओरडली. बार्शीलाबी तसंच. सुट्टी मिळाली न्हाई, मी सांजच्याला पोचले. ती कोपऱ्यात गप बसली होती. उचलली, तर ओरडली." मग आपल्या तळव्यांकडे पाहत म्हणाली, "आता मलाच वाटतं, माझ्या हातातच काहीतरी हाय."

माझा तिच्यावर विश्वास आहे. पण विश्वास हा पुरावा नव्हे, आणि मी जे पाहिलं नाही ते लिहिणार नाही असं तुला कबूल केलं आहे. म्हणून या पत्रात निकाल नाही.

मध्ये मुलीला दोन दिवस जुलाब झाले. तुझ्या आईचं म्हणणं पाणी बंद करा, "वरनं पाजलं तर खालनं जानार." मी म्हटलं, जातंय म्हणूनच भरायचं. पाणी उकळून गार करून त्यात साखर आणि थोडं मीठ. डॉक्टरने बजावलं होतं, करणाऱ्याने आधी स्वतः चाखायचं. डोळ्यांतल्या आसवांहून खारट लागलं तर फेकून द्यायचं. मी चाखत होते तर कमर म्हणाली, "द्या, मला ती चव ठाऊक हाय." तिने जिभेला लावून थुंकलं आणि पहिला घोट बरोबर ठरवला. चमच्याने, थोडं थोडं, आणि जेवणही चालू. मुलीचे डोळे खोल गेले नाहीत, लघवी होत राहिली, तिसऱ्या दिवशी तिने भाकरी मागितली. रोजे चालू आहेत. कमर दिवसभर उपाशी पोटी उभ्याने गोळ्यांच्या बाटल्या भरते आणि इथे येऊन मुलीला भरवते. हे मी निकाल म्हणून लिहीत नाही. पाहिलं म्हणून लिहिते.

मुलीसाठी एक लहान वाटी आणली आहे. माझ्या वाट्या तिच्या हातात मावत नाहीत. यात काही वेगळं समजू नकोस.

मा. ग. दे.

*

मोरवाडी
बुधवार, २९ जुलै

चि. युसुफ यास,

काल तुला तार केली: 'कमर निर्दोष. कारण सापडलं. बार्शी रद्द कर.' आता सगळं क्रमाने सांगते. शांतपणे वाच.

काल सकाळी दहाच्या सुमारास ताजुन्निसाबी आल्या, बरोबर गिरजाबाई कासारीण, डोक्यावर बांगड्यांची पेटी. ईद जवळ आली, नातीला हिरव्या काचेच्या बांगड्या भरायच्या. कमर तेव्हा कामावर होती, पहिली शिफ्ट. हे लक्षात ठेव.

गिरजाबाईंनी जुबीचा पंजा हातात घेऊन चेपून पाहिला. मी म्हटलं, "जरा सैल भरा."

"सैल भरल्या तर ईदपत्तोर ऱ्हातील व्हय?" त्या म्हणाल्या. "अंगासरशी बसली तर बांगडी. न्हाई तर काय, घुंगरू."

ताजुन्निसाबी म्हणाल्या, "लहान मापाचीच भरा. नाजूक दिसती."

ताजुन्निसाबींच्या मांडीवर डावा हात झाला. जुबीने ओठ काढले, रडली नाही. उजव्या हाताला तिने काय चाललं आहे ते ओळखलं आणि हात मागे ओढू लागली. गिरजाबाईंनी बोटं घट्ट धरली. तुझी आई म्हणाली, "बाई, तुमी जरा खांदा धरा, हलती लई." मी खांदा धरला. म्हणजे एकीने बोटं धरून आपल्याकडे ओढलं, मूल आपल्या जोराने मागे ओढत होतं, आणि मी त्याला जागचं हलू दिलं नाही. जुबी मोठ्याने रडली. कोणाला काही वाटलं नाही. बांगड्या भरताना मूल रडतंच. मी लहानपणी रडले असेन, तुझी आई रडली असेल. बांगड्या भरून झाल्या, गिरजाबाईंनी बांगड्यांना हात लावून नमस्कार केला, तुझ्या आईने तिची दृष्ट काढली, आणि मुलगी हळूहळू गप्प झाली. कोपऱ्यात जाऊन बसली.

खराळवाडीत असती तर गोष्ट इथेच संपली असती. दुपारी कमर आली असती, तिने उचललं असतं, आणि मुलगी किंचाळली असती.

माझ्या घरी एक नियम आहे. खाऊ कोणी भरवत नाही; आपल्या हाताने, उजव्या हाताने घ्यायचा. मी बिस्किट पुढे केलं. जुबीने डावा हात पुढे केला. मी बिस्किट मागे घेतलं आणि म्हटलं, "कोणता हात?" ती माझ्याकडे पाहत राहिली. उजवा हात अंगाशी लागून खाली लोंबत होता, तळवा मागे वळलेला. तिने तो हलवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

ताजुन्निसाबींनी ते पाहिलं. गिरजाबाईंनी पाहिलं.

"मी न्हाई काय केलं," गिरजाबाई म्हणाल्या. "चाळीस वरसं भरतीय. एक हात मोडला न्हाई माझ्या हातनं."

"मोडला असं कोणी म्हटलं?" मी म्हणाले. "पेटी इथेच ठेवा आणि रिक्षात बसा."

तिघी जणी मुलीला घेऊन ओव्हाळांच्या दवाखान्यात गेलो. भीमराजने मुलीला तुझ्या आईच्या मांडीवर बसवलं, एका हाताने कोपर धरलं, दुसऱ्याने मनगट धरून तळवा वर वळवला आणि हात दुमडला. बारीक 'कट' असा आवाज मी ऐकला. जुबी एकदा ओरडली. मग त्याने टेबलावरचा लाल टॉर्च तिच्यासमोर धरला. थोडा वेळ ती नुसती पाहत होती. मग उजवा हात वर आला आणि तिने टॉर्च घेतला.

"ओढला कोणी?" भीमराजने विचारलं.

मी म्हणाले, "आम्ही तिघींनी."

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"मी खांदा धरला होता. त्याशिवाय यांचं ओढणं पुरं पडलं नसतं."

तो हसला नाही, पण खिडकीकडे बघायला लागला.

मी तिथेच तुझ्या आईला विचारलं, "ताजुन्निसाबी, बकरी ईदला बांगड्या भरल्या होत्या?"

त्या जुबीच्या हातातल्या बांगड्यांकडे पाहू लागल्या.

"बार्शीच्या लग्नात?"

"लग्नात कोन भरत न्हाई?" त्या हळूच म्हणाल्या. "मांडवात समद्या पोरींना भरल्या. सकाळच्यानं. मीच मांडीवर घेतली होती." त्यांनी जुबीचा पंजा आपल्या तळहातावर घेतला. "ईदला बी मीच बसवली होती. रडली, म्हनून गूळ दिला. मग निजवली. कमर आली, तिनं उचलली, तवा..." पुढचं त्यांना म्हणावं लागलं नाही.

गिरजाबाई म्हणाल्या, "डाक्टर, मग आमी काय बांगड्या भरायच्याच न्हाईत?"

"भरा की. मोठ्या मापाच्या भरा, आणि पोर हात ओढायला लागलं की सोडून द्या. दुसऱ्या दिवशी या."

"दुसऱ्या दिशी गिऱ्हाईक ऱ्हातंय व्हय."

"मग साबण लावा," तो म्हणाला.

त्याने आम्हां तिघींना सांगितलेलं तुलाही सांगते. मुलाला एका हाताला धरून उचलायचं नाही. दोन हातांना धरून गरगर फिरवायचं नाही. चिडून हिसका द्यायचा नाही, आणि बाही घट्ट असेल तर हात ओढून काढायचा नाही, बाही मागे सरकवायची. बसच्या पायरीवर चढवायचं तर काखेत धरून. एकदा निसटलेला हात पुन्हा निसटू शकतो. त्यात कोणाचा दुष्टपणा शोधत बसू नये.

परत येताना ताजुन्निसाबी रिक्षातून माझ्या दाराशी उतरल्या नाहीत. म्हणाल्या, "मी कारखान्याच्या फाटकावर जाते. शिफ्ट सुटंल आता." त्या तिथे काय बोलल्या, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. अडीच वाजता दोघी एकदम आल्या. कमर पुढे होती, तुझी आई मागे, आणि कमरचा जेवणाचा डबा तुझ्या आईच्या हातात होता.

माझा निकाल: मुलगी तिच्या आईजवळ राहील. बार्शीचा विषय पुन्हा निघता कामा नये. तू आजच्या आज बायकोला पत्र लिहायचं आहे, तिच्या नावाने, आईच्या पत्रात दोन ओळी घालून नव्हे.

मा. ग. दे.

*

मोरवाडी
मंगळवार, ४ ऑगस्ट

चि. युसुफ यास,

तुझी तार शुक्रवारी मिळाली. इंग्रजीत होती, म्हणून कमरला मराठीत सांगितली: 'बाईंचं मान्य. कमरला पत्र लिहितो आहे.' ती म्हणाली, "परत सांगा." एकदा सांगितलेलं मी परत सांगत नाही, हे तू सात वर्षांत शिकला असशील. तीनदा सांगितलं.

हमीदाआपा ईदच्या आदल्या दिवशी बार्शीहून आली. मुलीसाठी गादी आणि पत्र्याची पेटी घेऊनच आली होती. मी बोलायच्या आत तुझी आई बोलली. "पेटीत शेवया भरून घिऊन जा. पोरगी कुठं बी जानार न्हाई." आपा म्हणाली, "अम्मी, आपणच तर ठरवलं होतं." ताजुन्निसाबी म्हणाल्या, "ठरवलं तवा मी आंधळी होते. आता बाईंच्या चष्म्यातनं बघितलं." हे वाक्य मला फारसं आवडलं नाही. चष्मा माझाही काल-परवापर्यंत धूसरच होता. पण आपाने गादी परत बांधली, म्हणून मी दुरुस्ती केली नाही.

ईदच्या सकाळी मुलीला नेण्यासाठी कमर एकटी आली. नवा ओढणीचा पोशाख, हातावर मेंदी. मी सामान पिशवीत भरून ठेवलं होतं. निघताना ओट्याच्या पायऱ्या आल्या. जुबीने सवयीने हात पुढे केला. कमर वाकली, उचलण्यासाठी तिच्या कमरेकडे दोन्ही हात नेले.

मी म्हटलं, "बोट दे."

तिला कळलं नाही.

"तिचा हात तू धरू नकोस. तुझं बोट पुढे कर, तिला धरू दे. तिला हवं तेव्हा ती सोडेल. ओढ लागणार नाही."

कमरने उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. मेंदीने लाल. जुबीने ते मुठीत घेतलं आणि एकेक पायरी उतरली. शेवटच्या पायरीवर थांबली, बोट न सोडता मागे वळली, आणि दुसऱ्या हाताने माझ्या कानाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "आता आईचा." दोघी खराळवाडीच्या दिशेने गेल्या. गल्लीच्या टोकापर्यंत बोट सुटलं नव्हतं. तिथून पुढे मला दिसलं नाही.

तुझं पत्र आलं की कमर ते घेऊन माझ्याकडे येणार आहे, कारण तू मराठीतच लिहितोस आणि तिला उर्दू वाचता येतं, मराठी अडखळत. मी तिला सांगितलं आहे की पहिली ओळ तिची तिनेच वाचायची, कितीही वेळ लागो. तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात जाईन. तेव्हा पहिली ओळ सोप्या अक्षरांत लिही, आणि वाचण्यासारखी लिही.

कुवेतहून येताना सोनं आणायचं तुझ्या मनात असेल. मुलीसाठी आणायचंच असेल तर उघडमीट करता येणारं कडं आण, फासा असलेलं. गिरजाबाईंना मी हे सांगितलं, तर म्हणाल्या, "मग आमी काय भरायचं, बाई? फासा तर कुनीबी लावंल."

तुम्ही मला पंच नेमलं होतंत. पंचाने काम संपल्यावर काय परत केलं, त्याची नोंद ठेवायची असते. ती खाली दिली आहे. एक प्रत कमरजवळ आहे.

मा. ग. देवस्थळी

सोपवल्याची नोंद

कु. जुबेदा युसुफ, हिची आई कमरुन्निसा हिच्याकडे ईदच्या दिवशी सकाळी सोपवलेलं:

मुलगी एक. ताप नाही, पोट ठीक. कपाळावर एक नवं टेंगूळ, तेही पिवळं पडत आलेलं. पाठीवरच्या निळ्या खुणा आल्या तशाच, त्यांबद्दल कोणी विचारणा करू नये.

उजवा हात. चालू.

डावा हात. चालू. दोन्ही हातांतल्या हिरव्या बांगड्या साबण लावून उतरवल्या, शाबूत. कागदात गुंडाळून पिशवीत. मुलगी पाच वर्षांची झाल्यावर, ती स्वतः मागेल तर.

कपडे, आणले होते तेवढे. एक झबलं वाढत्या अंगाला लहान झालं, ते घरी पुसायला ठेवून घेतलं.

डॉ. ओव्हाळांची चिठ्ठी, लसी टोचल्याच्या कार्डासह. पुढची लस दिवाळीनंतर. विसरू नये.

वाटी, लहान, स्टीलची, एक. ही माझी आहे, पण परत पाठवायची नाही.

मिळालं: कमरुन्निसा.

(सही तिने स्वतः केली, मराठीत. 'न्नि'ला वेळ लागला, पण बरोबर आला. मुलगी तेव्हा तिच्या कडेवर होती आणि आईचा कान धरून होती.)